वैनी, तुझा डावा डोळा

वैनी, परवा तुझा जलदान विधी झाला. आपल्या अंगणात सतरंज्या घातल्या, वंदना झाली आणि मग तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला एकेक जण उठला. सगळ्यांनी मिळून तुला पार बिचारी करून टाकलं बघ. ‘बिचारीनं लय सोसलं’, ‘बिचारीचे डोळे गेले’, ‘बिचारी आंधारातच गेली’. माझी पाळी येईपर्यंत मला इतका राग आला होता की मी नुसती उभी राहिले आणि परत खाली बसले. दादा माझ्याकडे बघत राहिला. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडणारी ही बाई, हिची वाचा आजच कशी बसली, असं त्याला वाटलं असणार. मला सांगायचं होतं की तुझे डोळे गेले नव्हते. एक गेला होता. दुसरा तू राखलास, आणि तो राखण्यावरून आपण दोघी दहा वर्षं भांडलो. पण तिथे उभं राहून हे बोलले असते तर लोक म्हणाले असते, वैनी मेली तरी नणंद तिला सोडत नाही. म्हणून आता तुलाच सांगायला बसले आहे.

तू या घरात आलीस तेव्हा मी फ्रॉकात होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. दादा भरवेलीच्या खाणीत फिटर, पहाटे सायकल काढायचा तो दिवेलागणीला परत यायचा, आणि मी शेजाऱ्यांच्या चुलीशी जेवायची. तू आल्या आल्या माझ्या केसांतल्या उवा काढल्यास आणि मग माझं नाव विचारलंस, याच क्रमानं. तुझ्यासोबत राजेगावहून एक शिलाई मशीन आलं होतं. वॉर्डात दुसरं मशीन नव्हतं. नागपूरला दीक्षा होऊन थोडेच दिवस झाले होते, लोकांना पंचशील ध्वज हवे होते आणि कुणाला शिवायला येत नव्हते. तू पहिला ध्वज शिवलास आणि मग बुद्धपौर्णिमा आली की आपली ओसरी निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी पट्ट्यांनी भरून जायची. मी पट्ट्या क्रमानं तुझ्या हातात द्यायची. रंग चुकला की टपली बसायची.

मी अकरावीत होते त्या वर्षी तू कापड घेऊन आलीस आणि ओसरीवर उलगडून बघत बराच वेळ बसलीस. मग माझा हात धरून मला तशीच बाजारात नेलंस. जाताना रस्ताभर कापडवाल्या सेठचा उद्धार चालला होता. दुकानात तू दोन्ही कापडं गादीवर टाकलीस.

“सेठ, हमने एक लाल मांगा था, एक केसरी. आपने दोनों केसरी दे दिए.”

“बहनजी, ये लाल है, ये केसरी है. अब इसमें क्या बताऊँ?” सेठ म्हणाला. “बच्ची से पूछ लो.”

तू माझ्याकडे वळलीस. “सांग वं कुसुम, सारखेच आहेत ना दोन्ही?”

वैनी, माझ्यासमोर एक लालभडक कापड होतं आणि एक केशरी. शेंबडं पोरही सांगेल इतकं उघड होतं. पण तू भांडत होतीस, आणि तू बाजारात भांडायला लागलीस की आपण काय करायचं हे मला चांगलं माहीत होतं. भाव पाडायचा असला की तू असंच काहीतरी खुसपट काढायचीस आणि मी मागे उभी राहून मान हलवायची. म्हणून मी म्हटलं, “हौ, सारखेच आहेत.” सेठनं कपाळाला हात लावला आणि दोन बायांपुढे हार मानून लाल कापड बदलून दिलं.

परतताना मला हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, “मस्त भांडली वं वैनी. पहिलाही लालच होता ना पन.”

तू रस्त्यात थांबलीस. “तू तं हौ म्हनली.”

“तू भांडून राह्यलती. मंग मी काय म्हनू?”

तू हातातलं नवं कापड उलगडलंस. आधी एक डोळा झाकून बघितलंस, मग दुसरा. “आन हा? हा कसा आहे?”

“लाल.”

“खरं सांग.”

“खरंच लाल आहे, वैनी.”

तू कापडाची घडी घातलीस आणि चालायला लागलीस. मला कळलं ते तेव्हा. डोळे फिरवले की आत दुखतं, लाल रंग महिनाभरापासून उडालेला दिसतो, हे तू त्या दिवशी चूल पेटवता पेटवता सांगितलंस, जणू मीठ संपलंय हे सांगावं.

दुसऱ्या दिवशी तू एकटी सेठकडे गेलीस आणि म्हणालीस, कपडा आपका ठीक था, हमारी आँख में गड़बड़ है. हे मला पुढे सेठनंच सांगितलं. त्याच्या आईला मोतीबिंदू झाला होता आणि तिलाही रंग फिके दिसायचे, म्हणून त्यानं तुला नागपूरचा रस्ता दाखवला. ‘देर मत करो’ म्हणाला. त्याचा अंदाज चुकीचा होता, पण घाई केली ती बरोबर केली. परवा तो सतरंजीच्या कडेला येऊन बसला होता. तो काही बोलला नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. दादाला सुटी मिळाली नाही म्हणून सोबत मी. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं आणि एका डोळ्याशी डोळा लावून इतका वेळ बघत बसले की तू मला नंतर म्हणालीस, “तुह्या दादानं बी इतकं नाई पाह्यलं कधी.” डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे ठिपके आलेत, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावरचं चित्र मेंदूकडे नेणारी जी नस, तीही सुजली होती. रंग त्यामुळे उडाले होते, आणि लाल सगळ्यात आधी उडतो. मग ते म्हणाले, “पण बाई, दुखणं डोळ्याचं नाही.” आणि भलतंच विचारायला लागले. सकाळी बोटं आखडतात का? उन्हात गेल्यावर गाल लाल होतात का? तोंड येतं का? बोटं आखडत होती, कात्री धरवत नव्हती, तू ते शिवणाच्या माथी मारलं होतंस. गालांवर डाग आले तेव्हा वांग समजून तू जायफळ उगाळून लावत होतीस. आपण त्यांना तीन वेगवेगळी दुखणी समजत होतो आणि तिन्हींवर वेगवेगळे इलाज करत होतो.

रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, आपल्या रक्तात पहारेकरी असतात, बाहेरून रोग आला की ते त्याला मारतात. तुमच्या पहारेकऱ्यांना घरचीच माणसं चोर वाटायला लागली आहेत. सांध्यात मारतात, कातडीवर मारतात, आता डोळ्यात शिरलेत.

तू जरा विचार केलास. “म्हंजे माहं आंग मलेच वळखत नाई?”

“तसंच समजा.”

“इतके वर्स संग राहून?”

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या पहारेकऱ्यांना गुंगी आणणाऱ्या, आणि दोनदा बजावलं की स्वतःच्या मनानं एकदम सोडायच्या नाहीत, कमी करायच्या त्या मी सांगेन तशाच. दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे बघत होते, कारण मी शिकलेली. त्या दिवसापासून तुझ्या गोळ्या माझ्या गळ्यात पडल्या.

लाल परत आला तो दिवस तुला आठवतो? तू पेटीतले सगळे तुकडे काढून खाटेवर पसरलेस आणि एकेकाचं नाव घेत सुटलीस, लाल, गुलाबी, डाळिंबी, कत्थई. दादा दारात चहाचा कप घेऊन उभा होता, चहा गार झाला तरी तो हलला नाही. मी तुमच्या दोघांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, मिळालं सगळं, आता काही मागायचं नाही.

पण गोळ्यांनी तुझा चेहरा नेला. गाल फुगले, डोळे बारीक झाले, मान भरली. वॉर्डातल्या बाया म्हणायच्या, “मोठी भरली वं अनुसया, नवरा लय जपते वाटते.” तू म्हणायचीस, “हौ, खानीतून रोज तूप घेऊन येते.” सगळ्या हसायच्या. मग एकदा तू माहेरी गेलीस. राजेगावच्या घरी तुझी माय दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोन होय बाई? कोनाच्या घरी आली?” ही गोष्ट तू परत येऊन आम्हाला मायची नक्कल करून सांगितलीस आणि आम्ही जेवता जेवता पोट धरून हसलो. तूही हसलीस. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, लग्न होतं. मी तेव्हा शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी होते, थेट लग्नाला आले. मांडवात तू पूर्वीसारखी दिसलीस. तेच बसके गाल, तीच हनुवटी. तुझी माय येता जाता तुझ्या गालाला हात लावत होती. मला वाटलं, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. त्यांनी काही केलं नव्हतं. लग्नाच्या आधी तूच त्या बंद केल्या होत्यास, एकदम, कुणाला न विचारता. मांडव उतरला नाही तोच सांधे सुजले, ताप आला आणि उजव्या डोळ्यापुढे पडदा पडला. नागपूरला परत नेलं. डावा वाचला. उजव्याला पुढे फक्त उजेड आणि सावली एवढंच राहिलं.

त्या वेळी मी तुला काय काय बोलले ते तुला माहीत आहे. चेहऱ्यापायी डोळा घालवलास, म्हटलं. तू भिंतीकडे तोंड करून ऐकून घेतलंस आणि शेवटी म्हणालीस, “मले येक डाव माह्या मायले दिसाले पायजे होतं. मी. अशी. मंग काय व्हाचं ते होवो.”

“मायले सांगता आलं असतं. गोळ्यांनं चेहरा सुजला म्हून.”

“मायले सांगा लागते काय, ही तुही पोरगी होय म्हून?”

पण वैनी, मी माघार घेतली नाही आणि आजही घेत नाही. चुकलंच तुझं. एका लग्नासाठी एक डोळा, हा हिशेब मला कोणत्याच बाजूनं पटत नाही. तरी मांडवातलं तुझ्या मायचं तोंड मी बघितलंय, तिनं तुझ्या गालावर ठेवलेला हात बघितलाय, आणि तो हात डोळ्यांसमोर आला की माझं भांडण मध्येच अडखळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बोल ना आता, थांबली काहून?

त्यानंतर तू गोळी चुकवली नाहीस. मला बैहरला शाळा मिळाली. सुटी लागली की बसनं घरी यायची आणि चपला काढायच्या आधी विचारायची, “गोळी घेतली काय?” तू आतून ओरडायचीस, “आली दरोगीन.” मी डाव्या डोळ्याची परीक्षा घ्यायची. एक टमाटर तुझ्यापुढे धरायची आणि विचारायची, “हे काय होय?” तू गंभीर तोंड करून म्हणायचीस, “वांगं.” दर वेळी मी घाबरून तुझ्या डोळ्यात वाकून बघायची आणि दर वेळी तू माझा पडलेला चेहरा बघून हसत सुटायचीस. किती दुष्ट होतीस गं.

तुझी माय तुला मग कधीच पहिल्या नजरेत ओळखू शकली नाही, कारण तो चेहरा परत आला नाही. म्हणून राजेगावला जाताना तू मला सोबत न्यायचीस. बसमधून उतरलो की मी पुढे व्हायची आणि दारातून सांगायची, “माय, अनुसया आली.” मग तू आत शिरायचीस. इतकं मोठं काम मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

डाव्या डोळ्याला दिसायचं, पण जवळजवळच्या छटा त्याला पक्क्या कळत नव्हत्या. दुसरी कुणी असती तर शिलाई सोडली असती, नाहीतर रंग लपवाछपवी करून विचारला असता. तू सरळ गिऱ्हाईक बाईलाच खाटेवर बसवायचीस आणि म्हणायचीस, “तुह्या लुगड्याचा रंग सांग. नाव नको सांगू, कसा आहे थे सांग.” बाया आधी लाजायच्या. मग सुरू व्हायच्या. कुणी म्हणायची, जांभूळ पिकायच्या आधी असते तसा. एका खाणकामगाराची बायको म्हणाली, खाणीतला दगड काळा असते, पण ऊन पडलं का चमकते, तसा काळा. कुणाचा पोपटी तिच्या सासूच्या रागासारखा होता, तो रंग कसा ते तुला लगेच समजलं आणि तू बरोबर तोच दोरा ओवलास. शिवायला येणाऱ्या बाया हळूहळू बोलायला येऊ लागल्या. मी आता वर्गात पोरांना चित्राकडे बोट दाखवून रंगाचं नाव विचारत नाही. कसा आहे ते सांगा, म्हणते. वर्गात एकदम गलका होतो आणि शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून बघतात. हे सगळं तुझं आहे. मास्तरांना मी ते सांगितलेलं नाही.

आपलं दुसरं भांडण तुझ्या अंगावरून. तुझी बोटं सुजली की मी म्हणायची, दगाबाज आहे तुझं शरीर. जे राखायचं तेच खातं. तुला ते ऐकवत नव्हतं. तू बोटांना कोमट तेल लावत म्हणायचीस, “दगाबाज काहून म्हनते त्याले? राखनदार होय थो. राखनदाराचंच काम करून राह्यला. चुकून राह्यला, इतकंच.”

“चुकून घर जाळलं त्यानं तुझं.”

“तरी जागा तं हाये ना रातभर.”

तू दुखण्यावर कधी रागावली नाहीस याचा मला राग यायचा. कुणीतरी रागवायला हवं होतं, म्हणून ते काम मी घेतलं. आता वाटतं, आपली वाटणी चांगली होती. तू अंगाला जपलंस, मी त्याला शिव्या घातल्या, आणि दोघींच्या मध्ये तो डावा डोळा नीट राहिला.

या थंडीत ताप आला तो छातीत उतरला. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की इतकी वर्षं या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात झगडायची ताकद कमी असते. पहारेकरी गुंगीत होते, वैनी, आणि खरा चोर आला तेव्हा उठलेच नाहीत. दादानं मला अंगणात नेऊन विचारलं, “गोळ्यांनं नेलं काय तिले?” मी डॉक्टरांना तेच विचारून आले होते. ते म्हणाले, गोळ्या नसत्या तर डोळा कधीच गेला असता आणि मूत्रपिंडंही गेली असती, ही इतकी वर्षं मिळालीच नसती. मी दादाला ते सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही माहीत नाही. मला अर्धं पटतं. त्या गोळ्यांसाठी मी तुझ्या मागे लागले होते, आणि त्याच गोळ्यांनी दार उघडं ठेवलं. पण त्यांच्यामुळेच तुला पोपटी दिसला, डाळिंबी दिसला, दादाचे केस पांढरे होताना दिसले, मी पहिल्या पगाराची साडी नेसून आले ती दिसली. मी त्या गोळ्यांना शिव्या घालणार नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तू झोपली आहेस असं समजून मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. तू म्हणालीस, “इकडे पाय. रडून राह्यली ना?”

“नाई.”

“मले दिसते. आंधळी नाई मी.”

परवा हेच सांगायला मी उठले होते, वैनी. हे एवढंच एक वाक्य. तू ते स्वतः बोलून गेली होतीस, माझी फक्त ते पुढे सांगायची पाळी होती, आणि तेवढंही मला जमलं नाही.

संध्याकाळी तू गेलीस. बायांनी तुला आंघोळ घातली, नवं पांढरं लुगडं नेसवलं. उजवा डोळा मिटलेला होता, तो केव्हाच थकला होता. डावा थोडा उघडा राहिला होता. शांतानं हात पुढे केला, मी तिला म्हटलं, थांब, मी करते. मी पापणी खाली ओढली, ती परत वर आली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. मग मी हात तसाच ठेवला आणि तुझ्या उशाशी बसून राहिले. तळव्याखाली तो अजून कोमट होता. एवढी वर्षं तुझ्या अंगाला मी एक चांगला शब्द बोलले नव्हते. “बस झालं वं माय,” मी म्हटलं, “लय पाह्यलं तुनं.” तुला मी जन्मभर वैनीच म्हटलं होतं, त्या वेळी तोंडून माय निघालं. मी हात काढला. डोळा मिटला होता.